बंद खोलीतला ड्रिफ्ट

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. अमावास्येला गाडी घेऊन निघतो, मांजर आडवं गेलं तर हॉर्न वाजवतो. माझं अर्धं आयुष्य यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं आणि बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीचं कारण कुठे ना कुठे सापडतंच हे मी हजारदा पाहिलंय. फक्त एकदा सापडलं नाही. ते इथे लिहितोय... आजवर हे घरच्यांनाही पूर्ण सांगितलेलं नाही.

मी मूळचा फैजपूरचा. १९९८च्या उन्हाळ्यात जळगावला एका कॉलेजच्या फिजिक्स डिपार्टमेंटमध्ये इन्स्ट्रुमेंट ऑपरेटर होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे तेव्हा अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप आलेला होता. मायक्रोस्कोप म्हटलं तरी त्यात डोळा लावून बघायचं काही नाही. एक अतिशय बारीक सुई पृष्ठभागावरून रेघेमागून रेघ फिरते, आंधळा माणूस बोटाने चेहरा चाचपतो तशी, आणि त्या चाचपण्यातून कॉम्प्युटरवर चित्र तयार होतं. केसाच्या हजाराव्या भागाएवढे दाणेसुद्धा दिसतात.

त्याचा एक मोठा रोग म्हणजे ड्रिफ्ट. खोलीतली उष्णता जरा बदलली की यंत्रातला धातू फुगतो किंवा आकसतो आणि सुईखालचं सँपल हळूहळू सरकायला लागतं. चित्र तिरकं येतं, गोल दाणा लांबुळका दिसतो. त्यावर उपाय असा – एक स्कॅन वरून खाली घ्यायचा, लगेच दुसरा खालून वर. दोन्हींत एकच दाणा शोधायचा, तो किती सरकला ते मोजायचं आणि तेवढं चित्रातून वजा करायचं. याला ड्रिफ्ट करेक्ट करणं म्हणतात. हे काम माझं. दिवसभर दर दहा मिनिटांनी सँपल एकूण किती सरकलं याचा ग्राफ मी काढून ठेवायचो.

त्या ग्राफवरून मला खोलीत कोण आलं-गेलं ते कळायचं. चेष्टा नाही. बसलेला माणूस म्हणजे शंभर वॅटचा बल्बच, तेवढी ऊब त्याच्या अंगातून सतत निघत असते. दार उघडलं की ग्राफमध्ये आधी एक झटका. मग माणूस आत बसला की रेघ चढायला लागायची, तासाभरात एका उंचीवर सपाट व्हायची. माणूस निघून गेला की पुन्हा झटका, आणि रेघ हळूहळू खाली.

आत बसणारं माणूस बहुतेक वेळा एकच असायचं – वंदना. धुळ्याची मुलगी, पीएच.डी. करत होती. बौद्ध कुटुंब, वडील लहानपणीच गेलेले. आई नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती आणि त्या पगारावर तिने वंदनाला आणि धाकट्या मिलिंदला शिकवलेलं. वंदना माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, तरी मी तिला ताई म्हणायचो आणि ती मला भाऊ. काचेच्या पट्टीवर रसायनांचे पातळ थर ती स्वतः बसवायची. सकाळी ते काम उरकून अकराच्या सुमाराला यंत्राच्या खोलीत यायची, पाचला उठायची. शनिवारी एक वाजताच, कारण धुळ्याची बस गाठायची असायची. कामाला इतकी चोख की तिरकं चित्र सरांना, म्हणजे तिच्या गाइडना, दाखवायला द्यायची नाही. म्हणायची, "भाऊ, थोडं थांबू, पण खरं चित्र घेऊ."

तेव्हा कॉम्प्युटर यंत्राच्या खोलीतच होता. स्कॅन चालू असताना पंखा बंद, कारण वाऱ्याने आणि थरथरीने सुई नाचते. खिडकी बंद. दार बंद. मे महिन्यात जळगाव काय असतं ते जळगावकरांना सांगायला नको. बाहेर पंचेचाळीस, आणि ती दहा बाय बाराची खोली भट्टीसारखी. कॉम्प्युटर बाहेर काढा, वायर भिंतीतून घ्या, असं मी सरांना दोनदा म्हटलं होतं. सर म्हणाले, रिसर्च पेपर छापायला जाऊ दे, मग बघू.

त्या दिवशी मी बाहेर पॅसेजमध्ये होतो. एक वाजता वंदनाने आतून दारावर टकटक केली. दार न उघडताच म्हणाली,

"भाऊ, जरा पंखा लावू का? चक्कर आल्यासारखं होतंय."

मी घड्याळ पाहिलं. स्कॅन निम्मा झाला होता. दार उघडलं असतं तर पुन्हा तासभर खोली स्थिर होण्याची वाट पाहावी लागली असती.

"अजून वीस मिनिटं काढा ताई. मग उघडू."

"बरं," ती म्हणाली.

हे तिचं शेवटचं बोलणं.

मी डबा खायला गेलो. तिथून सरांनी शिपायाकरवी बोलावून घेतलं – बाहेरगावचे पाहुणे आले होते आणि सेमिनार हॉलमधला प्रोजेक्टर चालत नव्हता. तो सुरू करेपर्यंत पावणेतीन झाले. तिला सांगितलेली वीस मिनिटं माझ्या लक्षातच राहिली नव्हती. कसं सांगू... खरंच राहिली नव्हती.

दार उघडलं तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून बसलेली होती. स्क्रीनवर एकामागून एक स्कॅन आपोआप चालूच. मी हाक मारली, मग खांद्याला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं आणि एकदम कोरडं. घामाचा एक थेंब नाही. आम्ही तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. साडेपाचला ती गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ.

"हे बघ, जे झालं ते झालं. खोलीत झालं म्हणून बोभाटा झाला तर लॅब बंद होईल. ती बारालाच निघून गेली होती, रस्त्यात उन्हात पडली. रजिस्टरमध्ये तेवढं लिहून टाक."

मी लिहिलं. 'बाहेर जाण्याची वेळ' या रकान्यात माझ्या हाताने १२.०५ लिहिलं. घरी बायको होती, दोन वर्षांची मुलगी होती, नोकरी कायम झालेली नव्हती. कारणं पुष्कळ होती.

तिची आई – सगळे त्यांना अक्का म्हणत – धुळ्याहून पोचल्या तेव्हा अंधार पडत आला होता. त्या रडल्या नाहीत. सरळ माझ्याकडे आल्या. बाई दवाखान्यात आयुष्य काढलेली, उन्हाने गेलेली माणसं पाहिलेली. घाम आटून अंग कोरडं पडलं म्हणजे माणूस बराच वेळ कुणी न पाहता तापत राहिलं, हे त्यांना ठाऊक.

"भाऊ, तिनं आंग घामनं वल्लं व्हतं, का कोरडं?"

मी म्हणालो, "घाम होता अक्का. रस्त्यात पडल्या. लोकांनी लगेच पाणी पाजलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग बरं म्हणून आत गेल्या. पोस्टमॉर्टेम नको, मुलीच्या देहाची विटंबना कशाला, असं सरांनीच मिलिंदला समजावलं.

चार दिवसांनी सरांनी कॉम्प्युटर बाहेर काढायला लावला. भिंतीला भोक पाडून वायर बाहेर घेतली. सुताराला आणि वायरमनला मिळून अर्धा दिवस लागला. अर्धा दिवस! तिचीच सँपलं तपासायची राहिली होती, पेपर पाठवायचा होता. सरांनी ते काम मला दिलं. मी सकाळी साडेआठला आत जाऊन सँपल बसवायचो, दाराला कुलूप लावायचो, किल्ली खिशात. मग पॅसेजमध्ये टेबलाशी बसून स्कॅन. दाराला वीतभर काच होती, त्यातून आतलं सगळं दिसायचं. यंत्र, टेबल, तिचं लाकडी स्टूल.

पहिल्या दिवशी साडेदहापर्यंत ग्राफ छान सपाट झाला. मला वाटलं, आता माणूसच नाही आत, करेक्ट करायला फारसं उरणार नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रेघ चढायला लागली.

आधी झटका नाही. दार बंदच होतं, मी समोर बसलेलो. तरी रेघ चढली, तासाभरात एका उंचीवर सपाट झाली आणि पाचपर्यंत तशीच राहिली. मग उतरली.

माझ्या मनात भूत-बीत काही आलं नाही. ऊन असेल म्हटलं. पण ती खोली उत्तरेची, तिच्या भिंतीला दिवसभर ऊन लागत नव्हतं. मग स्टॅबिलायझर हलवला. शेजारच्या खोलीतला कूलर दोन दिवस बंद ठेवायला लावला, तिथल्या मुलांच्या शिव्या खाल्ल्या. छतावरची टाकी पाहिली. थर्मामीटर आत टांगून काचेतून वाचत बसलो. अकरानंतर पारा अर्ध्या डिग्रीहून जरा कमी, एवढाच वर जायचा. रोज. शनिवारी मात्र रेघ एक वाजताच उतरायला लागली.

एक ही ताईंची धुळ्याच्या बसची वेळ.

रविवारी डिपार्टमेंट बंद. मी किल्ली घेऊन एकटाच गेलो. सकाळपासून स्कॅन लावला, साडेबारापर्यंत रेघ सपाट. आदल्या दिवशी मी एक होल्डर स्टुलावर बांधून शंभर वॅटचा बल्ब लावून ठेवला होता, त्याचं बटण बाहेर. भरदुपारी बटण दाबलं. रेघ चढली. पाच तासांनी बंद केलं, उतरली. सोमवारचा ग्राफ पुन्हा नेहमीसारखा आला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. चढाच्या रेघा एकमेकींवर बसल्या. वेळ तेवढी वेगळी.

मी ते कागद सरांकडे घेऊन गेलो. त्यांनी पाहिले, परत दिले.

"मग? ड्रिफ्टच आहे ना? करेक्ट कर आणि चित्रं दे."

"सर, हा चढ ताईंच्या वेळेला येतोय..."

"तुला दोन दिवस रजा हवी का?"

मी रजा घेतली नाही. करेक्ट करत बसलो. आकडे भरायचो, बटण दाबायचो, तिरकं चित्र सरळ व्हायचं. सुंदर चित्रं होती ती, एकेक दाणा मोत्यासारखा. तिनेच बसवलेले थर होते. तिसऱ्या आठवड्यात सरांनी पेपरचा मसुदा टाइप करायला दिला. लेखकांच्या नावांत वंदना नव्हती. शेवटी आभाराच्या ओळीत 'कै.' लावून होती, त्यातही आडनाव चुकलेलं.

दुपारचे दोन वाजले होते. समोर स्क्रीनवर रेघ वर सपाट चाललेली. मी आकडा भरायला हात उचलला आणि तो पुढे जाईना. काचेतून आत पाहिलं. काही नव्हतं, रिकामं स्टूल. एखादी सावली, आवाज, वास... काहीच नाही. तसं काही दिसलं असतं तर मी कदाचित भास म्हणून सोडून दिलं असतं. पण मोजमाप समोर होतं, आणि मोजमाप खोटं ठरवायला मला काही सापडत नव्हतं.

त्या शनिवारी मी धुळ्याची बस धरली. पारोळ्याला बस अर्धा तास थांबली, तिथे उतरून परत फिरावं असं दोनदा वाटलं. फिरलो नाही.

अक्का घरीच होत्या. मिलिंद जेवत होता. मी उंबऱ्याशी बसलो आणि सगळं सांगितलं – बंद खोली, पंखा, वीस मिनिटं, प्रोजेक्टर, रजिस्टर. ग्राफचं नाही सांगितलं. ते सांगायची हिंमत नव्हती, आणि माफी मागायला गेलेला माणूस भुताच्या गोष्टी सांगतो असं दिसलं असतं.

मिलिंद उष्ट्या हाताने उठला आणि त्याने माझी कॉलर धरली. "तुम्ही दवाखान्यात आमच्या तोंडावर खोटं बोललात! ती तुम्हाला भाऊ म्हणायची!"

मी हात वर केला नाही. अक्काच म्हणाल्या, "सोड त्याले." मग मला विचारलं,

"आंग कोरडं व्हतं ना?"

"हो अक्का."

"माले त्याच दिन समजनं व्हतं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "मनी पोर तठे एकटीच व्हती का?"

"एकटीच होत्या."

"माले तठे बसनं शे."

सोमवारी दोघं जळगावला आले. सर मीटिंगला गेले होते. अक्कांनी खोली पाहिली, स्टुलावर हात फिरवला आणि बसल्या. मी पंख्याचं बटण दाबायला गेलो तर म्हणाल्या, "पंखा बंद ऱ्हाऊ दे. ती बसे तशीच माले बसू दे. दार लाव."

मी मिलिंदकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मी दार लावलं, कुलूप नाही.

वेळ दोनची. ग्राफ अकरापासून वर होताच. दार उघडल्याचा झटका आला, आणि मग ती रेघ... त्या सपाट उंचीवरून आणखी वर चढायला लागली. पाऊण तासात जवळजवळ दुप्पट. मिलिंदला त्यातलं काही कळत नव्हतं, तो काचेतून आईकडे बघत होता. मी स्क्रीनकडे. त्या खोलीत दोन माणसं बसलेली आहेत – यंत्र एवढंच म्हणत होतं.

मी चार वेळा दाराशी गेलो. अक्कांनी काचेतून प्रत्येक वेळी हाताने नको म्हणून सांगितलं. शेवटी त्यांनीच दार उघडलं. लुगडं घामाने निथळत होतं, चेहरा लाल झालेला. मिलिंदने त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते बसून सावकाश प्यायलं. मग डिपार्टमेंटमध्येच राहिलेली वंदनाची वह्यांची पिशवी काखेत घेतली आणि जिना उतरून गेल्या.

मी परत येऊन बसलो. रेघ उतरायला लागली होती. आईच्या उबेएवढीच उतरून थांबायला हवी होती, कारण पाच वाजायला अजून दीड तास होता. ती थांबली नाही. उतरत उतरत सकाळच्या पातळीला येऊन टेकली.

दुसऱ्या दिवशी अकरा दहाला मी स्क्रीनसमोर बसलो. काही झालं नाही. त्यानंतर कधीच झालं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. मिलिंदने तक्रार केली. कमिटी बसली. मी लेखी जबाब दिला, रजिस्टरमधलं अक्षर माझं आहे हेही लिहून दिलं. कमिटीने मृत्यू आकस्मिक ठरवला आणि खोटी नोंद केल्याबद्दल मला काढून टाकलं. सर आहेत त्या जागी राहिले. पेपर छापून आला. मला जळगावातच एका पाइप कारखान्यात तपासणीचं काम मिळालं, मुलीचं शिक्षण त्यावर झालं. मिलिंद आजतागायत माझ्याशी बोलत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तरीही मनात कुठेतरी समाधान होतं. आई न्यायला आली आणि ती आईबरोबर घरी गेली, असं मी धरून चाललो होतो. वंदनाला जाऊन पाच वर्षं झाली तेव्हा अक्का आजारी असल्याचं कळलं, म्हणून धुळ्याला गेलो. सकाळची वेळ, मिलिंद कामावर गेलेला. त्या खाटेवर बसल्या होत्या. इकडचं तिकडचं झाल्यावर मी धीर करून विचारलं,

"अक्का, त्या दिवशी खोलीत तुम्हाला काही जाणवलं होतं का?"

"काहीच नही. उकडत व्हतं, बस."

मग मी त्यांना ग्राफचं सांगितलं. पहिल्यांदाच. अकरा दहाचा चढ, शनिवारचा एक, बल्ब, आणि त्या आत बसल्यावर झालेली दुप्पट रेघ. त्या निघाल्यावर दोघींची ऊब एकदमच उतरली तेही. मला वाटत होतं, त्यांना बरं वाटेल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पदराने चेहरा पुसला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या,

"घर तं उनी नही, भाऊ. मी आजून वाट देखस."

ती घरी आलीच नव्हती. त्यांनीच पुढे विचारलं, "मंग ती गयी कोठे?"

अक्का त्याच वर्षी गेल्या. ते ग्राफचे कागद मी दोन-तीन जाणकारांना दाखवले, नाव-गाव न सांगता. एकाने दमट हवा म्हटलं, एकाने वायरिंग, एकाने मोजण्यातली चूक. असेलही. मी कुणाशी वाद घातला नाही. पण त्या दुपारी खोलीतून दोघी बाहेर पडल्या एवढं मी स्वतः मोजलंय, आणि धुळ्याच्या बसमधून घरी मात्र दोघींतली एक आईच पोचली.